अंदाज कोणाच्या कानी सांगावा?

वारकरी घरांतून हल्ली आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो. घरातील वृद्धाच्या हृदयावर ठरवून शस्त्रक्रिया करावयाची असते. त्यानंतर काही दिवस अतिदक्षता विभागात ठेवणार असतात. डॉक्टर मुलांना बाजूस घेऊन पुढचा अंदाज सांगतात. तो म्हाताऱ्यास सांगावा की लपवावा? मुले म्हणतात, "त्यांचा धीर खचेल हो, बुवा."

हा अंदाज नुसते वय मोजून होत नाही. वजन आपोआप घटले का, मुठीची पकड सैल झाली का, पावले मंदावली का, हे पाहतात. हृदयशस्त्रक्रियेच्या वृद्ध रुग्णांविषयी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५ मीटर चालावयास ६ सेकंद वा अधिक लागणाऱ्यांस मृत्यूचा व मोठ्या उपद्रवांचा धोका त्यात बराच जास्त आढळला. माणसाचे बळ पायांवरून ओळखावे, हे वारकऱ्यांस काय सांगायचे!

पण धूर तेथे अग्नी, अशी ही निरपवाद व्याप्ती नव्हे. न्यायशास्त्राच्या भाषेत हा हेतू सव्यभिचार आहे. शंभरांतील साधारण किती सुखरूप घरी जातील ते सांगता येते. आपले आजोबा त्यांत आहेत की नाहीत, ते नाही. म्हणून अंदाजास ब्रह्मवाक्य मानू नये. तसेच 'प्रारब्धात असेल ते होईल' म्हणून हातही झटकू नयेत. प्रारब्ध कोणी पाहिले आहे? मंदावलेली पावले मात्र दिसतात. शस्त्रक्रियेस अवकाश असेल तर डॉक्टरांस विचारून चालणे वाढवावे, अन्न सुधारावे, तंबाखू सोडावी.

आता सांगण्याविषयी. सात दिवसांत तक्षक दंश करील हे परीक्षितास कळले, म्हणूनच तो गंगातीरी बसला आणि शुकमुखातून भागवत प्रकटले. 'राजाचा धीर खचेल' म्हणून मंत्र्यांनी शाप दडवला असता तर? त्याचे मरण तर निश्चित होते. येथे नुसती शक्यता आहे, आणि आम्ही तीही लपवावी?

शिवाय बरे होणे म्हणजे काय, हे मुलांस कोठे ठाऊक असते? 'वाचतील' एवढे ऐकले की त्यांचे समाधान होते. म्हाताऱ्यांच्या मनात निराळेच असते. एकास आळंदीहून पंढरीपर्यंत दिंडीत चालायचे असते. एखादी माउली म्हणते, वारी राहिली तरी चालेल, पण न्हाणीत मला कोणी धरून न्यायला नको. अतिदक्षता विभागात पुष्कळ वृद्धांस भ्रम होतो, हातपाय गळतात. पूर्वीची शक्ती यावयास महिने लागतात, आणि काहींस ती येतच नाही. एवढे पत्करावे की नाही, हे दुसऱ्याने कसे ठरवावे?

तेव्हा डॉक्टरांसमोर त्यांनाच बसवावे. 'मी वाचेन का' याबरोबर 'माझ्या पायांनी देवळात जाईन का' हेही त्यांस विचारू द्यावे. उत्तर ऐकून कोणी 'शस्त्रक्रिया नको' म्हणाले, तर मुलांनी रुसू नये. काही वृद्ध 'मला काही सांगू नका, तुम्हीच पाहा' असे म्हणतात. तेही खुशाल मानावे, मात्र ते त्यांच्याच तोंडून ऐकलेले असावे.