प्रलोभन म्हणजे काय?



दीक्षा घेतलेल्या घराला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "तुम्हाला काय मिळाले? कोणत्या प्रलोभनाला भुललात?" शाळेतील एका सहकाऱ्याने मलाही तो विचारला. त्या दिवशी मी गप्प बसलो. घरी येऊन शब्दकोश उघडला.

'प्रलोभन' हा शब्द संस्कृत 'लुभ्' धातूपासून झाला. या धातूचा अर्थ हाव धरणे एवढाच नाही. गोंधळणे, वाट चुकणे हाही त्याचा जुना अर्थ आहे. पत्राच्या शेवटी आपण 'लोभ असावा' असे लिहितो; तेथे हाच शब्द मायेचा होतो. आणि याच धातूपासून आलेला 'लुब्धक' म्हणजे पारधी, शिकारी!

मज्झिम निकायातील निवाप सुत्तात असाच एक शिकारी आहे. तो हरणांसाठी चारा पेरतो. हरणांनी पोटभर खाऊन दीर्घायुषी व्हावे म्हणून नव्हे. त्यांनी बेसावध व्हावे म्हणून. त्या शिकाऱ्याला भगवान बुद्धांनी मार म्हटले आहे. प्रलोभनाची खूण हीच : देणारा हेतू लपवतो आणि घेणाऱ्याचा विचार थांबवतो.

आता या कसोटीवर आपले धर्मांतर घासून पाहा. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. चाऱ्यावर झेपावणारा इतका विचार करतो काय? आणि मिळाले काय? अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना कायद्याने लागू झाल्या त्या १९९० साली. चौतीस वर्षे ज्यांनी कागदावर 'बौद्ध' लिहिले, त्यांनी हातचे सोडले. चारा सोडून जाणाऱ्याला भुललेला कसे म्हणावे?

धम्माचे एक विशेषण 'एहिपस्सिको' असे आहे. म्हणजे 'ये आणि पाहा' असे ज्याविषयी म्हणता येते तो. शिकारी 'ये' म्हणतो, पण 'पाहा' कधीच म्हणत नाही.

परंतु बांधवहो, ही कसोटी दुसऱ्यांसाठीच ठेवू नका. परवा मी माझ्या मुलीला म्हणालो, "रोज वंदना म्हण, परीक्षेत चांगले गुण मिळतील." तिने विचारले, "बाबा, वंदनेने गुण कसे मिळतात?" मी खजील झालो. मी तिच्यापुढे चाराच टाकला होता. नवसाची सवय घरातून गेली, तरी माझ्या जिभेवरून गेली नव्हती.

तेव्हा आपल्या मुलांना धम्म देताना आमिष दाखवू नका. त्यांना प्रश्न विचारू द्या. उत्तर येत नसेल, तर त्यांच्याबरोबर बसून शोधा. आणि पुन्हा कोणी "काय मिळाले?" असे विचारले, तर गप्प बसू नका. त्याला शांतपणे सांगा : या आणि पाहा.

जयभीम!