शोध लागतो की लावतात?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना सुपा आलं की एमआयडीसीच्या पाट्या दिसू लागतात. जपानी कंपन्यांसाठी राखून ठेवलेलं औद्योगिक क्षेत्र इथेच आहे. पारनेर तालुक्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी अशी. आता त्याच शिवारात अशी यंत्रं जुळवली जातात, की ज्यांच्या आतल्या एखाद्या बोटभर सुट्या भागावरही सातासमुद्रापलीकडच्या कुणाचा तरी कायदेशीर हक्क असू शकतो.

याच तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठणचा खंडोबा आहे. खंडोबा म्हटला की भंडारा आला, आणि भंडारा म्हणजे हळद. ती अंगावर पडली तर भाविक झटकत नाही. ही हळद कुणाची, असंही विचारत नाही.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत हा प्रश्न निघाला आणि त्याला उत्तरही मिळून गेलं. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट देण्यात आलं. दोघेही भारतीय वंशाचेच. म्हणजे लहानपणी गुडघा फुटल्यावर त्यांच्या घरीही हळदच दाबली गेली असणार! गोव्यातल्या माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. परिषदेने १९९६ साली या पेटंटला आव्हान दिलं आणि पुढच्या वर्षी ते रद्द ठरलं.

ही लढाई कशाच्या जोरावर जिंकली गेली, हे पाहण्यासारखं आहे. 'आमच्या आज्यांना हे माहीत होतं' हा पुरावा तिथे चालणार नव्हता. परदेशात एखादी गोष्ट नुसती वापरात आहे, एवढं अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याला पुरत नसे. छापील आधार लागे. (हा नियम २०११ च्या कायद्याने बदलला.) परिषदेने ३२ संदर्भ उभे केले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. ज्या परंपरेने ऐकलेल्या शब्दाला, श्रुतीला, सगळ्यात वरचं प्रमाण मानलं, तिला स्वतःचं ज्ञान स्वतःचं आहे हे सिद्ध करायला छापखान्याची साक्ष काढावी लागली.

मराठीत एक सोय आहे. निसर्गात आधीपासून असलेलं सापडणं आणि नसलेलं घडवणं या दोन्हींना आपण 'शोध'च म्हणतो. फरक करायचा तो क्रियापदाने. शोध लागतो, किंवा कुणीतरी तो लावतो. 'लागला' म्हटलं की कर्ता बाजूला होतो. वस्तू होतीच, माणूस तिच्यापर्यंत पोहोचला. 'लावला' म्हटलं की कर्ता पुढे येतो, आणि त्याच्या मागोमाग मालकीही. कर्म करताना कर्तेपणाचा अहंकार सोडावा, असं गीता सांगते. पेटंटच्या अर्जात मात्र कर्त्याच्या नावाचा रकाना असतोच.

रोंटगेनला १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. त्याने पेटंट घेतलं नाही, आणि जगभरच्या डॉक्टरांना हाडं दिसू लागली. शंभर वर्षांनंतर याच रोगनिदानाच्या क्षेत्रात एका अमेरिकन कंपनीने स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित दोन जनुकांवर पेटंटं घेतली. त्या काळात त्या देशात ही तपासणी करायची तर तिच्याच दाराशी जावं लागे. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला: शरीरात आपसूक असलेलं जनुक नुसतं वेगळं काढलं म्हणून ते कुणाचं होत नाही, प्रयोगशाळेत घडवलेली त्याची प्रत होऊ शकते. आपल्या क्रियापदांच्या भाषेत सांगायचं, तर पहिला शोध लागलेला, दुसरा लावलेला.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातही अशी वजाबाकी आहे. तिसऱ्या कलमात 'हे शोध नव्हेत' अशी यादीच दिली आहे: निसर्गातल्या वस्तूचं नुसतं सापडणं, गणिती पद्धत, नुसता संगणक प्रोग्रॅम, माणसाच्या रोगाचं निदान आणि उपचार करण्याची पद्धत, पारंपरिक ज्ञान. कायद्याच्या रुक्ष भाषेत लिहिलेलं हे एक निषेधशास्त्रच आहे. तपासणीचं यंत्र किंवा किट पेटंटखाली येऊ शकतं. निदान करण्याची रीत नाही.

संगणकाच्या बाबतीत ही रेघ सगळ्यात पुसट होते. जीआयएफ चित्रांच्या फायली लहान करणारी एक गणिती युक्ती होती. तिच्यावर १९८५ पासून पेटंट होतं, पण वापरणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. १९९४ च्या अखेरीस मालक कंपनीने पैसे मागायला सुरुवात केली आणि एकच गहजब झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, ३० एप्रिल १९९३ रोजी, जिनिव्हाच्या सर्न संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचं तंत्र सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं होतं. एकाच दशकात, एकाच पडद्यावर, दोन धर्म.

संगणक राहू द्या, साध्या झाडूचं काय? १९०८ साली अमेरिकेतल्या ओहायोत जेम्स स्पँगलर नावाच्या सफाई कामगाराने विजेवर चालणाऱ्या, हाताने फिरवता येणाऱ्या धूळशोषक यंत्राचं पेटंट घेतलं. त्याला दमा होता, धुळीने जीव घाबरा व्हायचा. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांतून त्याने ते जुळवलं. इथे शोध 'लावला' याबद्दल वादच नको. पण पुढे हक्क हूवर नावाच्या उद्योजकाने घेतले, आणि इंग्लंडात लोक आजही घर 'हूवर' करतात. स्पँगलर कुणाला आठवत नाही. पेटंटने त्याला पैसा दिला, नाव टिकवलं नाही. इकडे गाडगेबाबांनी खराट्यात काहीच नवीन केलं नाही, तरी खराटा म्हटला की महाराष्ट्राला तेच आठवतात.

नाव आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वारकऱ्यांना फार आधी कळलं होतं. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. रचना कुणाची ते ती सांगते, पण गाणाऱ्याला अडवत नाही. इथली लबाडीसुद्धा उलट्या दिशेची. पेटंटच्या जगात दुसऱ्याचं आपल्या नावावर लावलं जातं. गाथ्यांत मात्र कुणी कुणी आपली रचना तुकोबांच्या नावावर घुसवून दिली.

म्हणून पेटंट म्हणजे पाप, असं ठरवून मोकळं होणं सोपं आहे. ते खरं नाही. पेटंट या शब्दाचं मूळ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ 'उघडं' असा. शोध कसा चालतो हे जगाला पूर्ण सांगायचं, आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं हक्क घ्यायचा; भारतात अर्जापासून २० वर्षं. याच्या विरुद्ध टोकाला फुकट वाटणारा संत नसून गुपित जपणारा माणूस आहे. काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारी घराणी आपल्याकडे गावोगावी होती. मुळी कोणती, हे बाप फक्त थोरल्याला सांगायचा, तेही शेवटच्या घटकेला. थोरला शहरात गेला की औषधही गेलं. गुह्य विद्येचा आपल्याला अभिमान असतो. ती किती विद्या घेऊन मेली, याचा हिशोब कुणी मांडत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातच, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली, ती असंच एक कुलूप काढण्यासाठी.

मग मालकी न घेणाऱ्याला काय मिळतं? जगदीशचंद्र बसूंना पेटंट घेणंच मनातून पटत नव्हतं. स्नेह्यांच्या आग्रहाखातर १९०४ साली एक अमेरिकन पेटंट त्यांच्या नावे निघालं, पण १९१७ मध्ये संशोधन संस्था काढताना त्यांनी तिला 'मंदिर' म्हटलं आणि इथले शोध पेटंटमुक्त राहतील असं जाहीर केलं. बसूंना प्राध्यापकाचा पगार होता. मुंबईचे संशोधक शंकर आबाजी भिसे यांना तो नव्हता. दादाभाई नौरोजींच्या पाठबळावर ते लंडनला गेले, छपाईचे खिळे पाडणारं 'भिसोटाइप' यंत्र काढलं, भांडवलासाठी वणवण केली आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. त्यांनी पेटंटं घेतली, यात अपरिग्रह मोडला असं म्हणणाऱ्याने आधी त्यांचं घरभाडं भरायला हवं होतं.

आपल्या धर्मविचारात यावर ऋणाची कल्पना आहे. ऋषिऋण पैशाने फिटत नाही; शिकून आणि पुढे शिकवून फिटतं. पेटंटला वीस वर्षांची मुदत आहे, म्हणजे तेही एका अर्थी फिटतंच. खोट एवढीच, की अर्जात हक्काचा रकाना असतो, देण्याचा नसतो. हळदीच्या प्रकरणात बोचलं ते हेच. आणि त्यावरचा उपाय तर आणखी चमत्कारिक निघाला. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला, पण चोरी होऊ नये म्हणून तो अनेक वर्षं फक्त पेटंट कार्यालयांनाच करार करून दाखवला गेला. तो इतरांसाठी खुला करायला केंद्र सरकारने मंजुरी दिली ती २०२२ मध्ये. सगळ्यांचं ज्ञान सगळ्यांचंच राहावं म्हणून सगळ्यांपासून बंद!

शिकून आणि शिकवून फिटणारं ऋण पाहायचं, तर सुप्याहून अहिल्यानगर ओलांडून पुढे जामखेडला जावं. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. खेड्यातल्या बायकांना, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी गरोदरपण तपासायला, कुपोषण ओळखायला, कुष्ठरोगाचा चट्टा पारखायला शिकवलं. त्या बायका गावी परतून दुसऱ्यांना शिकवू लागल्या. पुढे परदेशातले डॉक्टर जामखेडला शिकायला आले, तेव्हा शिकवणाऱ्यांत याच बायका होत्या.