हिशेब आणि क्षमा



पुष्कळ विश्वासी विचारितात कीं, ज्यानें माझा बांध कोरला त्यास क्षमा केली, तर अन्यायास मीच मान्यता दिली असें होणार नाहीं काय? प्रश्न रास्त आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायांतील दृष्टांत पाहा. राजा प्रथम हिशेब घेतो, मग देणें सोडितो. देणें नव्हतेंच, असें तो म्हणत नाहीं. तेव्हां क्षमा म्हणजे वाइटास बरें म्हणणें नव्हे. घेणें खरें असून तें आपण होऊन सोडणें होय. बांध पंचांसमक्ष मोजावा. सत्य झांकावें असें प्रभु शिकवीत नाहीं.

त्या दासाचें सोबत्याकडे शंभर दीनार घेणें होतें. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची कमाई गरिबास थोडी नव्हे. परंतु त्याला स्वतःला जें सुटलें तें दहा हजार तालांत, म्हणजे सुमारें ६ कोटी दिवसांची मजुरी! एवढें सुटलेला मनुष्य सोबत्याचा गळा धरितो, हेंच त्याचें पाप.

मीही एकदां सख्ख्या भावाशीं दोन वर्षें अबोला धरिला होता. त्या काळीं क्षमेवर उपदेश करितांना माझी जीभ जड होई. शेवटीं मीच त्याच्या दारीं गेलों. शेत मिळालें नाहीं, भाऊ मिळाला.

म्हणून बंधूंनो, मनांतील अढी मुलांस वतन म्हणून देऊं नका. पुढील प्रभुभोजनाच्या प्याल्यास हात लावण्यापूर्वीं त्याच्या दारीं जा.