निरावरण यंत्राचे सत्य

खंडेनवमीच्या सकाळी घरातल्या मोटारसायकली धुऊनपुसून अंगणात ओळीने उभ्या करण्याची, त्यांच्या टाकीवर हळदीकुंकवाची बोटे उमटवून हँडलला झेंडूची माळ बांधण्याची चाल आमच्याकडे फार वर्षांची आहे; आणि त्या पूजेपूर्वी, रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी बांबूच्या कामटीला गुंडाळून, इंजिनाच्या पात्यापात्यांत साचलेली तेलकट माती एकेक फट करून काढण्याचे काम मी कोणावर न सोपवता स्वतःकडे ठेवीत आलो आहे. गेल्या खंडेनवमीस माझ्या भाच्याच्या नव्या कावासाकी झेड ९०० आरएसवर ही कामटी चालवीत असता, आमचे म्हातारे मिस्त्री शेजारी उकिडवे बसून म्हणाले, "भाऊ, ह्या फिन नुसत्या बघायला आहेत. आत पाणी फिरतंय, पुढं रेडिएटर आहे. ह्यांना काम काही नाही." त्यांच्या स्वरात निंदा नव्हती, केवळ नोंद होती, पण माझा हात थांबला तो थांबलाच.

कारण ही गाडी ज्या जातीची आहे, तिचे ब्रीदच मुळी काही न झाकण्याचे. जिला लोक 'नेकेड' म्हणतात, जिच्या इंजिनावर कवच नाही, जिची नळीनळी नि बोल्टबोल्ट रस्त्यावरच्या परक्या नजरेसमोर उघडा आहे, अशा यंत्राने आपल्या छातीवर काम नसलेल्या पात्या मिरवाव्यात, ह्याला काय म्हणावे? यंत्र असत्य बोलू शकते काय? प्रश्न बालिश वाटेल, पण ज्या जपानात ही गाडी कल्पिली गेली तेथे तो बालिश ठरणार नाही. निर्जीव वस्तूही धर्मोपदेश करतात हा विचार तेराव्या शतकात दोगेन ह्या झेन आचार्याने एका स्वतंत्र प्रकरणात मांडला. आणि जी वस्तू सत्य सांगू शकते, तिच्या साक्षीची उलटतपासणीही करावीच लागते.

नग्नतेला नाव मिळते ते वस्त्र आल्यानंतर. १९६८च्या ऑक्टोबरात टोकियोच्या प्रदर्शनात योशिरो हाराडा ह्यांच्या पथकाने सिद्ध केलेली होंडाची सीबी ७५० फोर उभी राहिली, ७३६ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडर रस्त्याला आडवे मांडलेली, ६७ अश्वशक्तीची, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली. तेव्हा तिला कोणी 'नेकेड' म्हटले नाही, कारण उघडे असणे हीच त्या काळी मोटारसायकलीची सहजस्थिती होती. १९७२ साली कावासाकीने ९०३ घनसेंटिमीटरची झेड-वन आणली, तीही तशीच उघडी. पुढच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांची कवचे रस्त्यावर उतरली, इंजिने प्लास्टिकच्या आड गेली, आणि त्या झाकपाकीचा कंटाळा आल्यावर १९८९ साली कावासाकीचीच झेफर ४०० अवतरली. तिची शक्ती प्रतिस्पर्ध्यांच्या ५९ अश्वशक्तीपुढे अवघी ४६. तरीही ती खपली, कारण तिचे इंजिन दिसत होते. एकदा झाकून पाहिल्यावर जाणूनबुजून काढून ठेवलेले आवरण आणि कधी न घातलेले आवरण ह्यांत, बालकाचे दिगंबरत्व आणि संन्याशाचे दिगंबरत्व ह्यांत असावा तितका फरक आहे.

ह्या पात्यांचे मूळ काम अगदी सरळ आहे. सिलिंडरमधला जाळ भिंतीला तापवतो, ती उष्णता ॲल्युमिनियमच्या पात्यांत उतरते, आणि फटींतून वाहणारा वारा ती उचलून नेतो. पात्या जितक्या पातळ आणि लांब, तितका वाऱ्याला भेटणारा पृष्ठभाग अधिक; पण फार जवळ आणल्या तर वारा आत शिरत नाही, फार पातळ केल्या तर साच्यात धातू नीट उतरत नाही, आणि लांब पाती तर इंजिनाच्या कंपाने घंटेसारखी वाजू लागते, म्हणून जुन्या इंजिनांत पात्यांच्या मध्ये रबराचे लहान गुटके बसवलेले असत. माझ्या जुन्या गाडीतला तसा एक गुटका झिजून पडला, तेव्हा सर्व्हिसिंगला नेलेल्या ठिकाणी तो अनावश्यक म्हणून पुन्हा बसवला गेला नाही. त्यानंतर चाळीसच्या वेगाला ती जी बारीक किणकिण करू लागली, ती मला आजही ऐकू येते. जिला काम आहे त्या पातीला असा आवाजही आहे.

आता धर्मकीर्तीच्या कसोटीला हा मामला लावून पाहू. त्या बौद्ध तार्किकाच्या मते सत् तेच, जे अर्थक्रियेस समर्थ आहे. ज्याच्याने काही घडते ते खरे. ह्या न्यायाने झेड ९०० आरएसच्या पात्यांचा दावा पहिल्याच सुनावणीत नामंजूर व्हावा, कारण उष्णता नेण्याचे काम पाणी करते, आणि ज्या झेड ९०० गाडीचे ९४८ घनसेंटिमीटरचे इंजिन हिने उसने घेतले, तिचे त्या पात्यांवाचून काडीचेही अडत नाही.

पण ह्याच बौद्धांनी कार्ल्याच्या लेण्यांत काय केले ते मी अनेकदा पाहिले आहे. एकवीरा देवीच्या दर्शनाच्या गर्दीतून बाजूला होऊन चैत्यगृहात शिरावे, अंधाराला डोळे सरावू द्यावेत, आणि मान वर करावी: पाषाणात कोरलेल्या कमानदार छताला लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या, एकीमागे एक, थेट स्तूपापर्यंत गेलेल्या. डोंगर पोखरून केलेल्या त्या छताला लाकडाच्या आधाराची तिळमात्र गरज नाही. त्या फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे कसलाही भार न वाहता तेथे आहेत. पूर्वी चैत्ये लाकडाची असत, तेव्हा त्या फासळ्यांनीच छप्पर तोललेले असे. दगडात आल्यावर काम गेले, रूप राहिले. त्या शिल्प्यांना मी असत्यवादी म्हणू शकत नाही, आणि तेथे उभा राहिलेला कोणीही म्हणू शकणार नाही असे मला वाटते.

मग उत्तर धर्मकीर्तीकडे नसून नैयायिकांकडे असावे. त्यांनी ज्ञानाची फोड अनुभव आणि स्मृती अशी केली, आणि स्मृतीला प्रमेचा, म्हणजे प्रमाण ज्ञानाचा, मान दिला नाही. पण तिला सरसकट भ्रमातही ढकलले नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात स्मृतीचेही दोन प्रकार सांगितले आहेत: खऱ्या अनुभवातून उपजलेली ती यथार्थ, खोट्यातून उपजलेली ती अयथार्थ. ह्या भेदाने माझा गुंता बराच सुटला. झेड ९०० आरएसच्या पात्यांमागे १९७२च्या त्या पात्या आहेत ज्यांनी खरोखरीच वारा प्यायला आणि जाळ सोसला. तो अनुभव त्याच घराण्याचा आहे. ज्या कारखान्याने हवेवर थंड होणारे थोर इंजिन कधी घडवलेच नाही, त्याने अशा पात्या चिकटवल्या तर मात्र मी त्यांना अयथार्थ म्हणेन, आणि तेथे मिस्त्रींच्या नोंदीचे रूपांतर आरोपात व्हावे.

तरीही मनातला पक्षपात लपवणे बरे नव्हे. होंडाने २०१० साली सीबी ११०० काढली ती हवेवर आणि तेलावर थंड होणारी, ११४० घनसेंटिमीटरची, जिच्या पात्या खरे काम करीत. ज्या काळी असे इंजिन घडवण्याची कसलीही सक्ती नव्हती त्या काळी अभियंत्यांनी ते हौसेने आणि निष्ठेने घडवले. पण वाऱ्यावर विसंबलेल्या इंजिनाचे तापमान उन्हापावसागणिक, चढाउतारागणिक बदलते, धातू कमीअधिक फुगतो, म्हणून फटी सैल ठेवाव्या लागतात आणि धूर काबूत राहत नाही. पाण्याचे इंजिन एकाच तापमानाला धरून राहते, म्हणून स्वच्छ जळते. धुराचे कायदे कडक होत गेले आणि २०२१ साली तिची अखेरची आवृत्ती निघाली. मला ती झेड ९०० आरएसहून अधिक प्रिय आहे. पण जिच्या धुराचा भार इतरांच्या फुप्फुसांनी वाहावा अशा सचोटीचा आग्रह मी धरू शकत नाही, आणि तो कायदा रद्द व्हावा असेही मला वाटत नाही.

हे सारे मी मिस्त्रींना त्या सकाळी सांगितले नाही. मी उरलेल्या फटी पुसल्या. भाच्याने तबक आणले, टाकीला, हँडलला, चाकांना गंध लावले, आणि मग अडून विचारले, "मामा, ह्या फिनना लावायचं का?" मी हो म्हटले. मिस्त्री उठले, तबकातली हळद अनामिकेवर घेतली, एकेका पातीला टेकवली. आणि नंतर गुडघ्यावर वाकून, पुढच्या चाकामागे काळ्या रंगात दबून राहिलेल्या रेडिएटरच्या जाळीलाही एक बोट लावले.