वॉरंटी आणि ऐब

घरी बसविलेला विद्युत मोटारीचा चार्जर वॉरंटीच्या मुदतीत बंद पडला की आपण कार्ड शोधतो. वास्तविक खरेदीपूर्वीच मालात छुपा दोष असेल, तर तो परत करण्याचा ग्राहकाचा हक्क फिक्‌हने फार पूर्वी मान्य केला आहे. त्यास ‘खियारे ऐब’ म्हणतात. धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतला ओलावा उघड केला, ती हदीस ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर व्यापारीच येतो.

पण ग्राहकाचे काय? अर्थिंग नसेल तर बहुतेक चार्जर सुरूच होत नाहीत. म्हणून काही जण न्यूट्रलची तार अर्थिंगच्या जागी जोडून यंत्राला फसवितात (यात घरच्यांच्या जिवालाही धोका असतो, हे वेगळेच) आणि तंत्रज्ञ येण्यापूर्वी ती काढून ठेवतात. ओले धान्य आता त्यांच्या राशीत आहे. ताबा घेतल्यावर आपल्या हातून झालेली नासधूस ऐबात मोडत नाही. ‘कंपनी मोठी आहे, तिला काय कमी?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. लबाडीचा निषेध करताना सूरह अल-मुतफ्फिफीनने समोरच्याची श्रीमंती विचारलेली नाही. जोडणी कशी केली होती ते तंत्रज्ञाला सांगावे. एवढे करूनही विक्रेत्याने तपासणीविना हात झटकले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करण्यास शरीअतची आडकाठी नाही.