पाहुणचाराचे मोल

अतिथीस देव मानावे, ही शिकवण आपल्या रक्तात इतकी भिनलेली आहे की तिच्याविषयी कधी प्रश्न विचारावासा वाटत नाही. तैत्तिरीय उपनिषदात अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतो, त्यात माता, पिता आणि आचार्य यांच्या मागोमाग अतिथीचे नाव येते. या देवाकडून खोलीचे भाडे घ्यावे किंवा कसे, हा प्रश्न त्या ऋषींसमोर उभा राहण्याचे कारण नव्हते. आमच्यासमोर तो एका बेटावर, पावसाने झोडपलेल्या एका रात्री उभा राहिला. आणि आरंभी आम्हांला जे उत्तर स्वयंसिद्ध वाटले होते, ते पहाटेपर्यंत टिकले नाही.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत आणि बदल्यांच्या फेऱ्यात सध्या अंदमानात येऊन पडलो आहोत. आमचे गाव म्हणजे पोर्ट ब्लेअर. २०२४ साली त्याचे श्रीविजयपुरम झाले, तरी मासळीबाजारात अजून जुनेच नाव ऐकू येते. तेथून बोटीने काही तासांच्या अंतरावर नील नावाचे एक लहानसे बेट आहे. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले, त्याच वेळी हे शहीद द्वीप झाले. फाळणीनंतर १९४९ पासून पूर्व बंगालातील निर्वासित कुटुंबांना अंदमानात वसविण्यात आले. नीलवरची बहुतेक वस्ती अशाच कुटुंबांची आहे. त्यांनी रान साफ करून भाजीपाल्याची शेते केली आणि आमच्या बाजारातली पालेभाजी आजही बरीचशी तेथूनच येते. अलीकडच्या काळात या शेतांच्या कडेला, सुपारीच्या आणि नारळीच्या सावलीत, लहान लहान हॉटेले उभी राहिली आहेत.

अशाच एका हॉटेलात आम्ही सहकुटुंब उतरलो होतो. सहा खोल्या, पुढे जेवणाचा व्हरांडा, मागे घरच्या मंडळींचे राहते घर. मालक, त्यांची पत्नी, वृद्ध आई आणि दहावीतली मुलगी एवढेच मनुष्यबळ. हंगामात हाताखाली एक पोरगा. पर्यटकाला जे नंदनवन दिसते, त्याची मागली बाजू आम्ही तेथे पाहिली. पीठ, तेल, गॅसची टाकी, साबण, सारे काही बोटीने यायचे. बोट चुकली की यादी लांबायची. वीज डिझेलच्या यंत्रावर, तिचा भरवसा नाही. येथील सूर्य देशाच्या घड्याळाला जुमानत नसल्यामुळे पहाटे पाचला उजाडते, आणि पाहुणे उठण्यापूर्वी घरातल्या बाईंनी चादरी धुऊन वाळत टाकलेल्या असतात. घरातील कोणीही, कोणत्याही वेळी, 'आता मी घरी आहे' असे म्हणू शकत नाही. कारण घर आणि दुकान यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे.

पहिल्या दोन दिवसांत आम्हांला त्या कुटुंबाची थोडी कीवच आली. वाटले, या माणसांनी हसणेसुद्धा विकावयास काढले आहे. सकाळी चहा देताना मालकीणबाई आमच्या मुलाच्या गालाला हात लावीत, तोही खोलीभाड्यातच धरलेला असेल काय, अशी शंका आमच्या मनाला चाटून गेली. विकत घेतलेला पाहुणचार हा पाहुणचारच नव्हे, असा निवाडा आम्ही मनाशी देऊन टाकला. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली लिहिलेल्या एका ग्रंथात किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला आहे. ज्याच्या जागी दुसरी समतुल्य वस्तू ठेवता येते त्याला किंमत असते. जे सर्व किमतींच्या पलीकडचे आहे त्याला प्रतिष्ठा असते. महाविद्यालयात कधीकाळी वाचलेला हा भेद आमच्या मदतीस आला. माया ही दुसऱ्या बाजूला ठेवण्याची गोष्ट, आणि ही मंडळी तिच्यावर दराची चिठ्ठी लावीत आहेत, असे आम्ही ठरविले.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने नवी मंडळी आली. आमची खोली त्यांच्या नावे आधीच राखलेली होती आणि आम्ही दुपारच्या बोटीने परतणार होतो. पण बंगालच्या उपसागरात वारे उठले, धोक्याची सूचना आली आणि दुपारची बोट रद्द झाली. या समुद्रात हे नवे नाही. २०१६ च्या डिसेंबरात वादळामुळे शेकडो प्रवासी हॅवलॉक आणि नीलवर अडकून पडले होते आणि नौदलाला त्यांना सोडवावे लागले होते. आमचा प्रसंग तेवढा मोठा नव्हता. पण सहाही खोल्या भरलेल्या, शेजारची हॉटेले भरलेली, अंगावर मुसळधार पाऊस आणि कडेवर पेंगुळलेले मूल, एवढे माणसाला हतबल करावयास पुरे होते. मालक म्हणाले, "दादा, काळजी करू नका. सातवी खोली आहे." आणि त्यांनी आम्हांला मागच्या घरात नेले. आणखी ते म्हणाले, "तुम्ही आता गिऱ्हाईक नाही, अडकलेली माणसे आहात. या दिवसांचे पैसे मी घेणार नाही."

आम्ही भारावून गेलो. कारकुनाच्या खिशाला तर त्या शब्दांनी अधिकच दिलासा दिला, हे कबूल करावयास हवे. हाच तो खरा पाहुणचार, असे सौभाग्यवतींना सांगत आम्ही दिवा लावला, तो भिंतीवर हाताने आखलेले एक वेळापत्रक दिसले. गणित, विज्ञान, इंग्रजी. पुढच्या आठवड्यात पूर्वपरीक्षा. सातवी खोली म्हणजे मुलीची खोली होती.

रात्री पाणी आणावयास आम्ही स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा ती ओट्याशी उभी राहून, मेणबत्तीच्या उजेडात, गणिते सोडवीत होती. खाली आजी आणि तिचे अंथरूण पसरलेले होते. बसावयास जागा नव्हती. आम्ही ओशाळून म्हणालो, "आमच्यामुळे तुझी फार गैरसोय झाली." ती म्हणाली, "सवय आहे, काका." मग वहीवरची नजर न काढता, कसलाही राग न दाखविता, तिने पुढे जे सांगितले ते आम्ही विसरू शकत नाही. "पैसे देणारे आले तर माझी खोली जात नाही. सहा खोल्या भरल्या की बाबा नाही म्हणतात. बाबांना कोणाची दया आली, की मग जाते."

त्या एका वाक्याने आमचा निवाडा उलटा झाला. जिची आम्हांला घृणा वाटली होती, त्या किमतीने त्या मुलीभोवती एक भिंत बांधली होती. दर ठरला की त्याबरोबर सीमाही ठरते: एवढ्या पैशांत एवढी खोली, एवढे जेवण आणि त्यापलीकडे काही नाही. सौद्यात गिऱ्हाइकाला सातवी खोली मागता येत नाही. दयेला मात्र अशी सीमा नसते. ती पडदा सारून थेट आत येते. आणि आत गेल्यावर ती जे उचलून देते, ते देणाऱ्याचेच असते असे नाही. त्या रात्री यजमान आम्हांवर उदार झाले होते. परंतु त्या औदार्याचे मोल त्यांनी दिले नव्हते. ते त्यांची मुलगी देत होती.

मग आम्हांला महाभारतातील ती मुंगसाची कथा आठवली. युधिष्ठिराच्या अश्वमेधात मुंगूस येऊन सांगते, की हा यज्ञ त्या दरिद्री ब्राह्मणाच्या सातूच्या पिठाएवढा नाही. दुष्काळात मिळालेल्या मूठभर पिठाचे चार वाटे झाले होते. अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला. भूक शमली नाही. मग पत्नीने, मुलाने आणि सुनेने आपापले वाटे पुढे केले. ही कथा आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो. पण तीत एक बारीक गोष्ट आहे, जी आम्हांला त्या रात्रीच प्रथम दिसली. घरातल्यांचे वाटे उचलून देण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे तो ब्राह्मण मानीत नाही. तो कचरतो. प्रत्येकाने स्वतः आग्रह धरल्यावरच तो वाटा अतिथीपुढे जातो. त्या घराची थोरवी पिठात नव्हे, या कचरण्यात आहे. याउलट आपल्याकडे घरोघरी ऐकली जाणारी श्रियाळ-चांगुणेची कथा. तेथे अतिथीच्या हट्टापायी चिलया बाळ उखळात जाते. देव प्रसन्न होऊन बाळ परत देतो, म्हणून आपण डोळे पुसून हात जोडतो. पण संसारातल्या घरी अतिथी हा वेष घेतलेला शंकर नसतो. तो आमच्यासारखा बोट चुकलेला कारकून असतो, आणि त्याने नेलेले परत देण्याची त्याला शक्ती नसते.

यावर कोणी विचारील, की मग मालकांनी आम्हांला पावसात उभे करावयास हवे होते काय? नाही. अडलेल्याचा हक्क हा दर देणाऱ्याच्या हक्काहून मोठा आहे, हे आम्ही आजही मानतो. निर्वासित म्हणून या बेटावर उतरलेल्या घराण्याला हे कोणी शिकविण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या छपराखाली काढलेल्या रात्री त्या आजींना अजून आठवतात. आमचे म्हणणे एवढेच, की हा हक्क छपरावर आहे, वेळापत्रकावर नाही. आणि पाहुण्यालाही धर्म आहे. जो एकच रात्र राहतो तो अतिथी, अशी व्याख्या मनुस्मृतीत आहे. म्हणजे जुन्यांनी यजमानावर जसे ओझे टाकले, तशी पाहुण्यालाही मर्यादा घातली. आपल्यापुढे आलेले ताट कोणाच्या वाट्याचे आहे, हे विचारणे हा त्या धर्माचाच भाग होय.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमचे सामान जेवणाच्या व्हरांड्यात हलविले. मालक दुखावले. त्यांचे औदार्य आम्ही परत केले, असे त्यांना वाटले असावे, आणि अर्धा दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. बाकड्यांवर मच्छरदाण्या बांधून आम्ही दोन रात्री काढल्या. मागच्या घरातील त्या खिडकीत दोन्ही रात्री उशिरापर्यंत उजेड होता. निघताना आम्ही पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्यांची पत्नी मात्र दारापर्यंत आली आणि तिने सौभाग्यवतींचे दोन्ही हात घट्ट धरले. मुलाच्या गालावर पुन्हा हात ठेवला. आता त्यात भाडे धरलेले नव्हते, आणि पहिल्या दिवशीही ते धरलेले नसावे.

ही गोष्ट येथे संपती तर बरे झाले असते. पण आम्ही घरी परतलो, आणि घरी आमची वाट पाहत एक पत्र होते. परमुलखात नोकरी करणाऱ्या वाचकांना त्याचा मजकूर न सांगताही कळेल. अंदमानात आपले माणूस आहे, ही वार्ता गावी पसरलेली असते. कोणी रजा-प्रवास सवलतीत येतो, कोणी सेल्युलर जेल पाहावयास, सावरकरांच्या कोठडीपुढे नमस्कार करावयास येतो, उतरावयाचे आमच्याकडेच. दोन खोल्यांचे सरकारी क्वार्टर. आम्ही कधी कोणाला नाही म्हटले नाही, आणि याचा आम्हांला अभिमान होता. या अभिमानाच्या पोटी आमच्या सहा वर्षांच्या मुलाने किती रात्री आपली खाट सोडली, आणि सौभाग्यवतींनी किती रविवार ओट्याशी घालविले, याचा हिशेब दिवसभर हिशेबच करणाऱ्या आम्ही कधी मांडला नव्हता. त्या हॉटेलवाल्याच्या घरात निदान सहा खोल्यांना तरी दर होता. आमच्या घरात कशालाच नव्हता.

या खेपेस पाहुणे आले, तेव्हा आम्ही मुलाला विचारले, "तुझी खाट काकांना देशील का?" त्याने क्षणभर विचार केला आणि सर्वांदेखत "नाही" म्हटले. आम्ही विचारले होते. तेव्हा उत्तर मानणे भाग होते. पाहुणे जमिनीवर निजले. पुढे गावाहून आलेल्या पत्रात, अंदमानात जाऊन आमचा स्वभाव पालटल्याचा उल्लेख होता.

आम्ही चुकलो काय? अजून खात्री वाटत नाही. त्या मुलाने एखाद्या दिवशी आपण होऊन खाट पुढे करावी, अशी आशा आम्हांला आहे. आणि ती पुढे करण्यासाठी ती आधी त्याची असावयास हवी, एवढे मात्र आम्हांला त्या बेटावर पटले.