जनपदोद्ध्वंस आणि काढ्याची बाटली

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कात वसईच्या खाडीवरून येणारा खारा वारा ज्यांना विनामूल्य मिळतो, तेच गृहस्थ परतताना औषधांच्या दुकानात प्रतिकारशक्तीचा काढा आणि डास पिटाळणारे यंत्र विकत घेतात, आणि आरोग्य ही आता आपली खासगी मालमत्ता झाली, अशा समजुतीने घरी जातात.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, गंगातीरी कांपिल्य येथे, शिष्य अग्निवेशाचा प्रश्न नेमका याच समजुतीच्या मुळावर येतो : प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असता माणसे एकाच काळी एकाच रोगाने का मरतात? त्याचे गुरू आत्रेय सांगतात की, वायू, जल, देश आणि काल ही चार सर्वांची सामाईक असून ती बिघडली म्हणजे जनपदाचा विध्वंस होतो. आणि त्या बिघाडाचे मूळ अधर्मात, व अधर्माचे प्रज्ञापराधात, म्हणजे बुद्धीच्या चुकीत, आहे. कुंडीखालच्या बशीत आठवडाभर साचलेल्या पाण्याला अधर्म म्हणणे कोणास अतिशयोक्त वाटेल. मला ते अगदी चोख उदाहरण वाटते, कारण डेंग्यूचा डास तिथेच पैदा होतो आणि बशीच्या मालकाचे नाव विचारून चावत नाही.

१९५४च्या कायद्याने चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना मनाई केली खरी. पण आपण एकटे सुरक्षित राहू, हा चमत्कार त्याच्या अंमलाबाहेरच राहिला. काढा खुशाल प्यावा. मात्र सोसायटीच्या सभेत टाकी धुण्याचा ठराव येताच ज्यांना बाहेरगावचे काम निघते, त्यांची गणना रोग्यांत करावी की रोगकारणांत, हे आत्रेयांनाच विचारावे लागेल.